कोच कासुमझादे यांचा जाहीर सत्कार

आमच्या क्लबचं नाव वेस्ट कोस्ट युनायटेड. सिडनी पूर्व किनाऱ्यावर आहे, हे आम्हाला माहीत आहे. क्लब स्थापन झाला तेव्हा वसईवाल्यांना नावात एखादा संत हवा होता आणि पुणेकरांना एखादा किल्ला. चार मीटिंगांनंतर दोघांना चालेल अशी एकच गोष्ट सापडली, ती म्हणजे पश्चिम किनारा. पुणं किनाऱ्यावर नाही, पण ते पुणेकरांनी मोठ्या मनाने सोडून दिलं. समोरच्या टीम अजूनही मॅचनंतर विचारतात, दर आठवड्याला पर्थहून येता का? आम्ही म्हणतो, हो, वेंटवर्थव्हिल स्टेशनला उतरतो.

मी बेन्सन रुमाव. सेंटर बॅक, कॅप्टन, आणि कमिटीवर खेळाडूंचा प्रतिनिधी. माझे डॅडी मानवेल रुमाव हे क्लबचे सेक्रेटरी. अध्यक्ष डॉ. श्रीनिवास केतकर, राहणार कॅसल हिल, भूलतज्ज्ञ. त्यांच्या मीटिंगमध्ये बसलं की त्यांचा पेशा पटतो.

आणि कोच होते एल्खान कासुमझादे, अझरबैजानचे.

डॅडींच्या वेअरहाउसमध्ये ते फोर्कलिफ्ट चालवायचे. एकदा लंचला डॅडींनी सहज विचारलं, फुटबॉल कळतं का तुला. ते म्हणाले, थोडंसं. हे थोडंसं म्हणजे गंजा नावाच्या शहरात जन्म, चौदा वर्षं डिफेंडर, आणि देशाकडून एक आंतरराष्ट्रीय सामना. त्र्याऐंशीव्या मिनिटाला ते मैदानात उतरले तेव्हा अझरबैजान चार-शून्यने हरत होता. सामना संपला तेव्हाही चार-शून्यच. "मी खेळत असताना माझ्या देशावर एकही गोल झालेला नाही," कोच सांगायचे. आणि ते खरं होतं.

गुडघा गेल्यावर ते मॅनेजर झाले. पाच क्लब केले, पाचही ठिकाणी काढून टाकलं. एकदा हाफटाइमला फोनवर. एकदा अध्यक्षांच्या ड्रायव्हरने येऊन निरोप दिला आणि वर घरापर्यंत सोडलंही. एकदा तर स्टेडियमच्या लाउडस्पीकरवरून, हरवलेल्या मुलाच्या घोषणेनंतर लगेच. मुलगा सापडला होता.

त्यांचं इंग्रजी तुटक होतं. इथे मी ते मराठीत लिहितोय, तुटकपणा जमेल तेवढा राखून.

त्यांना परत खराखुरा मॅनेजर व्हायचं होतं. ऑस्ट्रेलियात त्यासाठी एक वरच्या दर्जाचा कोचिंग कोर्स करावा लागणार होता, आणि त्या कोर्सवाल्यांची अट अशी की आधी इथल्या एका क्लबमध्ये सलग दोन सीझन पूर्ण केल्याचं पत्र आणा. देशाकडून खेळलाय, पाच क्लब चालवलेत, सगळं ठीक, पण इथलं पत्र कुठाय? कोच बावन्न वर्षांचे. त्यांनी आमच्यासारख्या क्लबकडे येण्याचं दुसरं कुठलंच कारण नव्हतं. एक सीझन झाला होता. दुसऱ्यातल्या बावीसपैकी चौदा मॅच झाल्या होत्या. आठ उरल्या होत्या.

आता कलम सात. क्लबच्या घटनेत लिहिलंय की प्रत्येक मॅचची शेवटची दहा मिनिटं पाच संस्थापक सदस्यांची. म्हणजे ऐंशीव्या मिनिटाला पाच जवान पोरं बाहेर यायची आणि डॅडी, श्रीनिवास काका, केल्विन अंकल आणि आणखी दोघं आत जायचे. सरासरी वय एक्कावन्न. पहिल्या सीझनमध्ये आम्ही नऊ मॅच ऐंशी मिनिटं जिंकलो आणि नव्वद मिनिटांत हरलो. एका मॅचला श्रीनिवास काकांनी चालू खेळात समोरच्या स्ट्रायकरचा गुडघा तपासला. तो ऑफसाइड नव्हता. गोल झाला. पण गुडघ्याचं निदान बरोबर निघालं.

दुसऱ्या सीझनला कोचनी कलम सात बंद केलं.

"शेवटची दहा मिनिटं डिफेंडरची भाकरी," ते म्हणाले. "माझी भाकरी मी डॉक्टरला देत नाही."

आम्ही जिंकायला लागलो. टेबलमध्ये दुसरे आलो. आणि दर रविवारी टचलाइनच्या कडेला पाच घडीच्या खुर्च्यांवर पाच संस्थापक, पूर्ण किट घालून, शिन पॅड बांधून बसायला लागले. चौदा मॅच बसले. कोणी एक शब्द बोललं नाही. गोल झाला की टाळ्यासुद्धा वाजवायचे, पण अशा, की जणू स्वयंपाकघरात कुणीतरी पोळी लाटतंय.

जुलैच्या शेवटी आमच्या गॅरेजमध्ये कमिटीची मीटिंग झाली. विषय क्रमांक चार: कोच एल्खान कासुमझादे यांचा जाहीर सत्कार. सूचक केल्विन डिमेलो, अनुमोदक मानवेल रुमाव.

मला इतका आनंद झाला की मी दोन्ही हात वर केले. वाटलं, म्हाताऱ्यांना अखेर खेळ कळला. श्रीनिवास काकांनी इतिवृत्तात लिहिलं, सर्वानुमते मंजूर.

"मानपत्र तू लिही," डॅडी म्हणाले. "तुझं इंग्लिश बरं आहे, आणि तुझं त्यांच्यावर प्रेमपण आहे."

हे वाक्य मला नंतर खूप वेळा आठवलं.

इथे सांगायला हवं की मी अकरा वर्षांचा असताना वसईहून सिडनीला आलो. मराठी माझ्याबरोबर आली. मराठी बोलतो, लिहितो, मराठीत शिव्या देतो. पण काही गोष्टी भाषेबरोबर येत नाहीत. त्या मोठं होताना मोठ्या माणसांच्या शेजारी बसून कळतात, आणि तेव्हा मी नॉर्थमीडच्या एका शाळेत ब्रेडवर व्हेजिमाइट लावून खायला शिकत होतो.

आमंत्रण द्यायला मीच गेलो. कोच आणि त्यांची बायको निगार मेरिलँड्सला दोन खोल्यांच्या युनिटमध्ये राहतात. निगारनी कंबरेत बारीक असलेल्या छोट्या ग्लासांत चहा आणला, सोबत चेरीचा मुरंबा. मुरंबा चमच्याने तोंडात धरायचा आणि त्यावरून चहा प्यायचा. मी तो चहात घातला. त्या दोघांनी माझ्याकडे पाहिलंच नाही असं केलं.

कोचनी कार्ड दोनदा वाचलं.

"हे काय आहे?"

"सत्कार, कोच. तुमचा सन्मान. शाल देतात, नारळ देतात, भाषण करतात."

"शाल?"

"मोठं कापड. खांद्यावर घालतात."

"मी आजारी आहे का?"

"नाही, नाही. मान म्हणून."

"आत्ता? आठ मॅच आहेत." ते निगारशी त्यांच्या भाषेत बराच वेळ बोलले. निगारनी एकच छोटं वाक्य उत्तर दिलं. त्यांचे डोळे बारीक झाले. "निगार म्हणते, आमच्याकडे गालिचा देतात. पण गालिचा देतात तेव्हा माणूस जातो. कप्तान, मी जातोय का?"

"कोच, मी कमिटीवर आहे," मी म्हणालो. "असं काही असतं तर मला कळलं नसतं का? ही आमची पद्धत आहे. आवडत्या माणसाचं असं करतात."

"तू सांगतोस?"

"मी सांगतो."

"ठीक." त्यांनी कार्ड फ्रिजवर लावलं. "तू डिफेंडर आहेस. डिफेंडर सांगतो 'सोड, माझा आहे', तर मी बघत नाही, मी सोडतो."

मग त्यांनी मला त्यांचा सूट दाखवला. त्या आंतरराष्ट्रीय सामन्याच्या दौऱ्यात मिळालेला. खांद्यात अजून बसत होता, पोटात चर्चा चालू होती.

आमची एक मॅच नसलेला रविवार बघून पेंडल हिलच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. दुपारी तीन वाजता. दोन्ही बाजू सांभाळायच्या म्हणून आधी समई लावली आणि मग आमच्या ज्युलियाना आंटीनी प्रार्थना म्हटली. बटाटेवडे होते, एग सँडविच होती. मागे बॅनर होता, त्यावर कोचचा फोटो आणि फोटोभोवती फुलांची किनार. फुलांची किनार बघून निगार थांबली. मी म्हटलं, डिझाइन आहे.

श्रीनिवास काकांनी कोचच्या खांद्यावर शाल घातली. डॅडींनी नारळ दिला. कोचनी तो काखेत धरला, डावा पाय जरा पुढे घेतला आणि फोटोला उभे राहिले. चौदा वर्षं टीमच्या फोटोत उभा राहिलेला माणूस, हातात गोल वस्तू आली की आपोआप तसाच उभा राहतो. मी मानपत्र वाचलं. शेवटची ओळ मी डोळे पुसत वाचली. संस्थापकांनीही डोळे पुसले. ते बघून मला आणखी भरून आलं.

मग डॅडी बोलायला उभे राहिले, मराठीत, आणि मी शेजारी उभा राहून एकेक वाक्य इंग्रजीत करत होतो.

"एल्खान सरांनी क्लबला काय दिलं, ते शब्दांत मावणार नाही."

मी सांगितलं. कोचनी मान लववली.

"आम्ही त्यांच्या ऋणातच राहू इच्छितो."

मी सांगितलं. कोचनी नारळ दुसऱ्या काखेत घेतला.

"त्यांच्या पुढील वाटचालीस क्लबतर्फे हार्दिक शुभेच्छा."

तेही सांगितलं. पुढच्या रस्त्यासाठी बेस्ट विशेस. कोच हसले, आठ बोटं वर करून सगळ्यांना दाखवली. आठ मॅच. हॉलमधल्या लोकांना ती बोटं कळली नाहीत, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आणि आज ही मशाल केल्विनच्या हाती सोपवताना..."

मी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. केल्विन अंकल पहिल्या रांगेत उठून उभे राहिले होते आणि दोन्ही हात जोडून सगळीकडे वळत होते. त्यांच्या बायकोने फोन वर धरला होता. श्रीनिवास काका त्यांना बुके देत होते. आणि हॉलमधल्या ऐंशी माणसांपैकी कुणालाही आश्चर्य वाटलेलं नव्हतं. ऐंशी माणसांना आमंत्रण मिळालं त्या दिवसापासून माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त तिघांना, आणि त्यातले दोघं अझरबैजानचे होते.

"काय म्हणतो?" कोचनी विचारलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. शालीची घडी त्यांच्या मानेवर उभी राहिली होती.

"म्हणतात," मी म्हणालो, "केल्विन टॉर्च धरणार आहे."

कोचनी विचार केला. बुधवारी संध्याकाळच्या प्रॅक्टिसला आमच्या मैदानाचे अर्धे दिवे बंद असतात. काउन्सिलकडे तीन ईमेल गेले होते.

"चांगलं," ते म्हणाले. "फार चांगलं." आणि पुढे होऊन त्यांनी केल्विन अंकलना मिठी मारली. केल्विन अंकलना वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस. ते खरंच रडले.

हॉलच्या किचनमध्ये नुपूर उभी होती, श्रीनिवास काकांची मुलगी. फिजिओ आहे, आमच्या टीमचे घोटे बांधते.

"मला सांग, तुला खरंच माहीत नव्हतं?" ती म्हणाली.

"तुला होतं?"

"बेन्सन, आमच्या आजोबांचे पुण्यात तीन संस्थांनी सत्कार केले. तिसऱ्यानंतर ते घरीच बसले. सत्कार म्हणजे काय हे लहान मुलाला कळतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"मला वाटलं तू सामील आहेस. मानपत्र लिहिलंस ना तू. आणि काय सुंदर लिहिलंस! मी म्हटलं, हा तर बापाच्या वर गेला."

डॅडी ट्रे घ्यायला आत आले. मी म्हणालो, "डॅडी, तुम्ही त्यांना काढलं."

"शू. काढलं काय? सत्कार केला."

"त्यांना कळलेलं नाही!"

"कळतं रे माणसाला. शाल दिली, नारळ दिला, वाटचाल म्हटलं. आणखी काय, ढकलून बाहेर काढायचं?"

"ते अझरबैजानचे आहेत!"

"मग? तिथे काय माणसं राहत नाहीत?"

"तोंडावर का नाही सांगितलं?"

डॅडींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी एग सँडविचमध्ये अंडं कशाला, असं विचारलंय. "तोंडावर? चांगला माणूस आहे तो. त्याला वाईट नाही का वाटणार?"

"आणि त्यांचं पत्र? आठ मॅच राहिल्यात. दोन सीझन पूर्ण नसतील तर कोर्सला घेणार नाहीत त्यांना."

"पत्राचं काय घेऊन बसलास, देतो ना. दोन सीझन लिहू. तीन लिहू हवं तर. लेटरहेड आपलंच आहे." त्यांनी ट्रे उचलला. "आणि हे बघ, तू त्यांच्या जवळचा आहेस. योग्य वेळ बघून तूच सांग. शेवटी तुझाही हात वर होता."

"दोन्ही होते," नुपूर म्हणाली.

मी योग्य वेळ बघत राहिलो. सोमवार गेला, मंगळवार गेला.

बुधवारी मैदानावर दोन कोच आले. कासुमझादे आपले प्लास्टिकचे कोन मांडत होते. केल्विन अंकल शिट्टी घेऊन आले आणि शिट्टी खिशातच ठेवून उभे राहिले. कोचनी त्यांना हाक मारली, दिवे नसलेल्या कोपऱ्यात नेलं आणि जमिनीवर बुटाने खूण केली.

"केल्विन, इथे. टॉर्च आणली?"

केल्विन अंकलनी माझ्याकडे पाहिलं. मी बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली. केल्विन अंकल म्हणजे ज्यांना गेल्या वर्षी टेलिमार्केटिंगवाल्या बाईला नाही म्हणवलं नाही आणि घरात तीन व्हॅक्युम क्लीनर आले. त्यांनी फोन काढला, फोनचा दिवा लावला आणि धरला. तासभर धरला. मध्ये हात दुखला तेव्हा दुसऱ्या हातात घेतला. कोच दोनदा ओरडले, "वर, केल्विन, वर!" आणि त्यांनी वर केला. क्लबचा हेड कोच म्हणून ती त्यांची पहिली प्रॅक्टिस.

त्या रात्री संस्थापकांची तातडीची बैठक झाली. ठराव असा, की कासुमझादे यांना मानद मार्गदर्शक हे पद निर्माण करून द्यावं, म्हणजे काही सांगावंच लागणार नाही. मानद मार्गदर्शकाने मैदानाच्या कुंपणाबाहेर उभं राहून मार्गदर्शन करावं. मी म्हणालो, तुमच्यापैकी एकाने, फक्त एकाने, त्यांना फोन करा. श्रीनिवास काका म्हणाले, "बेन्सन, मी तीस वर्षं लोकांना बेशुद्ध करतोय. उठल्यावर काय झालं ते सांगायचं काम सर्जनचं."

शनिवारी सकाळी ऊन होतं. दुसऱ्या दिवशी मॅच, म्हणून सगळे आले होते. पाच घडीच्या खुर्च्यांवर चार संस्थापक, पाचवी खुर्ची रिकामी. आणि केल्विन अंकलनी नवा ट्रॅकसूट घातला होता, जो त्यांच्या बायकोने हौसेने ऑर्डर केलेला, आणि ते बॉलची पिशवी उचलायला वाकले तेव्हा त्यांच्या पाठीवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं दिसलं: हेड कोच.

कासुमझादेंनी ते वाचलं. हातातले कोन एकात एक बसवले, घाई न करता. मग पाच खुर्च्यांकडे वळले.

"कोण सांगतो मला?"

डॅडी फोन बघायला लागले. श्रीनिवास काकांनी आकाशाकडे पाहिलं. केल्विन अंकल बॉलची पिशवी छातीशी धरून पाठ कुंपणाला टेकवत उभे राहिले, अक्षरं दिसू नयेत म्हणून.

"कोच," मी म्हणालो. "तुम्हाला काढलंय."

"जोरात. गोलकीपरला ऐकू नाही आलं."

"तुम्हाला काढलंय!"

"कुणी?"

"आम्ही. कमिटीने. सगळ्यांनी."

"तू?"

"मीपण. हात वर केला होता."

"कधी?"

"मीटिंगमध्ये. पण ते... तुम्हाला कळवलं रविवारी."

 कोचचा हात खांद्यावर गेला, शाल जिथे होती तिथे.

"कापड?"

"कापड."

"तू माझ्या घरी आला. चहा प्यायला. निगारनी विचारलं."

"तेव्हा मला माहीत नव्हतं, कोच. आईशप्पथ."

"कधी माहीत झालं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. "भाषणात. पुढच्या रस्त्यानंतर. टॉर्चच्या आधी."

त्यांनी ते मनात मांडून पाहिलं. आधी काय, नंतर काय. मग हळूहळू केल्विन अंकलकडे वळले.

"म्हणजे टॉर्च नव्हती."

"नव्हती."

"एक तास धरली त्याने."

"हो."

कुणीतरी हसलं असतं तर बरं झालं असतं. यतिन, आमचा लेफ्ट बॅक, जो श्रद्धांजलीच्या मिनिटभर शांततेतही हसतो, तोसुद्धा गवताकडे बघत होता.

"पाच अध्यक्ष," कोच म्हणाले. आवाज चढला नव्हता. "एक चोर होता. एक दारू प्यायचा. एकाने मला फोनवर आईवरून बोलला. सगळ्यांनी सांगितलं, जा. तुम्ही मला आधी सजवला. माझ्या बायकोला पहिल्या रांगेत बसवला. तिने टाळ्या वाजवल्या." मग माझ्याकडे. "आणि तू शेजारी उभा. रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार. बुधवारी मी तुला ऑफसाइड लाइन शिकवली, तू शिकला. गुरुवार. शुक्रवार."

वार मोजायला ते चुकले नाहीत.  मला वाटत होतं मलाही फसवलंय. तेही खरं होतं. पण ते फक्त रविवारी दुपारी साडेतीनपर्यंतचं खरं होतं.

डॅडी उठले. त्यांना वाटलं, अवघड भाग झाला. त्यांनी खिशातून पाकीट काढून पुढे केलं. "सर, युवर लेटर. टू सीझन्स, कम्प्लीट. डॉक्टरांनी सही केलीय."

कोचनी पत्र उघडून उभ्या उभ्या वाचलं. घडी घालून परत दिलं.

"चूक आहे. आठ मॅच मी केलेल्या नाहीत."

"नो वरीज, सर. राउंड फिगर केलंय."

"नाही," कोच म्हणाले. "मी कधी मिनिटं चोरली नाहीत. सात मिनिटं खेळलो, सात सांगतो."

डॅडींनी पाकीट हातातच ठेवलं. मला तेव्हा दिसलं की त्यांना खरोखर कळत नव्हतं. चांगलं करायला गेलो, तर हा माणूस चिडतो का? पुढे त्यांनी जे केलं ते पण चांगल्याच मनाने केलं. त्या शनिवार-रविवारी ट्रॅकवर्क, म्हणजे रुळांचं काम चालू होतं, ट्रेन बंद, बदली बस तासाला एक. कोचकडे फोर्कलिफ्टचं लायसन्स आहे, गाडीचं नाही. डॅडी म्हणाले, "बेन्सन सोडेल तुम्हाला घरी."

कोचनी रस्त्याकडे पाहिलं. बस स्टॉपवर बदली बसची पिवळी पाटी होती, बस नव्हती. त्यांनी कोन उचलले आणि माझ्या गाडीत येऊन बसले.

त्यांचे चोवीस कोन त्यांच्या मांडीवर, एकात एक, हनुवटीपर्यंत. मी म्हणालो, मागे ठेवू का. त्यांनी कोन आणखी जवळ ओढले. मी एसी लावला, बंद केला. पहिल्या सिग्नलला मी म्हणालो, "कोच, मी उद्या खेळत नाही. कमिटी सोडतोय." ते खिडकीबाहेर बघत होते. हे वाक्य मी रविवारी किचनमध्ये म्हणायला हवं होतं. शनिवारी त्याचा भाव उतरला होता.

पॅरामाटाच्या अलीकडे त्यांनी फोन काढला. कोनांमुळे कानाला लावता येईना, म्हणून स्पीकरवर ठेवला. कोर्सच्या ऑफिसमधली बाई होती, शनिवारीही कामावर, आवाजात ऊन पडलेलं.

"एल्खान! हाउ आर या? तुमच्या पत्राचीच वाट बघत होते. दोन सीझन होत आले ना?"

"नाही," कोच म्हणाले. "एक सीझन आणि चौदा मॅच. मला काढलं."

"ओह. ओह नो. कधी?"

"रविवारी. मला आज कळलं."

 ती म्हणाली, किती वाईट झालं, पण नियम नियम आहे, नवीन क्लब मिळाला की पुन्हा दोन सीझन, मग नक्की अर्ज करा. चोपन्न काही वय नाही. कोच म्हणाले, थँक यू. मी गाडी उजव्या लेनमध्ये घेतली, गरज नसताना.

"तुमची फाइल उघडी ठेवते हं," ती म्हणाली. "तेवढ्यापुरतं, क्लबमधल्या एखाद्या माणसाचं नाव देता का? तुमचं काम बघितलेलं. म्हणजे पुढे आम्हाला फोन करून विचारता येईल, तुमच्याबद्दल खरं सांगेल असं कुणी?"

मी तोंड उघडलं. माझा नंबर माझ्या जिभेवर होता, पहिले चार आकडे तर ओठांपर्यंत आलेले. कोचनी मान वळवली आणि गाडीत बसल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. समोरचा स्ट्रायकर किती वेगाने येतोय, कुठल्या पायाने मारेल, हे बघतात तसं. वेळ घेऊन.

"नाही," ते फोनमध्ये म्हणाले. "असं कुणी नाही."

"नो वरीज," बाई म्हणाली. "मग ती जागा मी ब्लँक ठेवते."